अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची शाळा: सातारा-सांगलीच्या पालकांनी काय, कधी आणि कुठे करायचं

‘तोंडी सगळं येतं, पण लिहिता येत नाही.’ पालकसभेत बाईंनी किंवा गुरुजींनी हे वाक्य उच्चारलं की ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या धावपळीतला हा पहिला पुरावा असतो. मूल ऐकलेला धडा नीट सांगतं, दुकानातला हिशेब तोंडी करतं, पण तोच धडा वाचायला घेतला की प्रत्येक शब्दाला अडतं. अशा वेळी आळस, लाड, मोबाइल ही कारणं बाजूला ठेवून अध्ययन अक्षमतेचा विचार करावा लागतो. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात डिसग्राफिया, गणितात डिसकॅल्क्युलिया असं म्हणतात. बऱ्याच मुलांत यांतल्या दोन एकत्र दिसतात. चंचलतेचा त्रासही सोबत असू शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. त्यामुळे जुन्या पिढीतल्या काही शिक्षकांना आणि कारकुनांना हा प्रकार अजूनही ‘नवीन काहीतरी’ वाटतो. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, कागद पुढे करा.

कामं दोन आहेत आणि ती एकाच वेळी सुरू करायची: घरचा रोजचा सराव आणि कागदपत्रं. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत सराव थांबवला तर वर्ष जातं. सराव चालू आहे म्हणून कागद लांबवले तर दहावीला परीक्षेतल्या सवलती मागताना पंचाईत होते.

आधी दुसरी कारणं तपासा

डोळे आणि कान तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यांना मुलाबद्दल स्पष्ट सांगा, नुसतं वजन-उंचीवर जाऊ देऊ नका. कान वाहण्याचा जुना त्रास असेल तर श्रवण चाचणी करून घ्याच, कारण ‘प’ आणि ‘फ’ नीट ऐकूच आले नाहीत तर ते लिहिताना वेगळे कसे होणार?

आपल्या भागात भाषेचा प्रश्न फार वेळा अध्ययन अक्षमता समजला जातो, आणि उलटही होतं. जतच्या पूर्व भागात घरात कानडी आणि शाळेत मराठी अशी मुलं आहेत. विटा, आटपाडी, खानापूरची गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यातली कुटुंबं परराज्यांतून परत येतात, तेव्हा मुलाची एक-दोन वर्षं दुसऱ्याच लिपीत गेलेली असतात. ऊसतोडीला किंवा मेंढरांमागे गेलेल्या मुलाच्या शाळेत मोठी भगदाडं पडलेली असतात. इथे एकच प्रश्न विचारा: ज्या भाषेत मूल सर्वांत जास्त शिकलं, त्या भाषेत तरी वाचन सुरळीत आहे का? कानडी पुस्तक भरभर वाचणारं मूल मराठीत अडतं, तेव्हा त्याला मराठी शिकवायची गरज असते. दोन्हीकडे अडत असेल तर मात्र तपासणीकडे वळा. साधारण सहा महिने नीट, रोजची मदत देऊनही अडचण तशीच राहिली, तर थांबू नका.

घरी नोंद कशी ठेवायची

शंभर पानी वही घ्या. दर पंधरा दिवसांनी एकदा, रविवारी सकाळी, पुढच्या तीन गोष्टी करा.

मुलाच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालच्या बालभारतीच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा द्या. मोबाइलवर एक मिनिट लावा, वाचन रेकॉर्ड करा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. मग त्याच पुस्तकातला दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावर पाच प्रश्न विचारा. वाचन मिनिटाला वीस-पंचवीस शब्द आणि ऐकून दिलेली उत्तरं पाचपैकी पाच, अशी दरी पुन्हा पुन्हा दिसली तर तपासणाऱ्या तज्ज्ञाला ती फार उपयोगी पडते.

तिसरं काम लेखनाचं. एका पानावर पाच ओळी पुस्तकात बघून लिहायला सांगा, दुसऱ्यावर तुम्ही सांगाल त्या पाच ओळी, तिसऱ्यावर मनानं पाच ओळी. बघून लिहिलेलं ठीक पण सांगून लिहिलेलं चुकतं, तर अडचण आवाज आणि अक्षर यांच्या जुळणीत आहे. बघून लिहितानाही अक्षरं ओळीबाहेर जातात, हात दुखतो, पाच ओळींना अर्धा तास लागतो, तर लेखनाच्या हालचालीत आहे. या पानांवर लाल पेनानं काही सुधारू नका. तशीच ठेवा.

चुका कोणत्या आहेत हेही बघा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष यांतला गोंधळ. ‘किती’ लिहिताना वेलांटी भलत्याच अक्षराला. रफार नेमका कुठे द्यायचा याचा पत्ता नाही. गणितात ‘अडतीस’ ऐकून ८३, ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९. मराठीत आठ आधी बोलतो आणि तीस नंतर, म्हणून पहिली-दुसरीत हे बहुतेक मुलांचं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससोबत ‘वीस एक’ छापलं तेव्हा राज्यभर खिल्ली उडाली, पण अडचण खरी होती आणि या मुलांसाठी ‘तीस आठ’ म्हणणं आजही उपयोगाचं आहे. चौथी-पाचवीतही हे चालूच असेल तर ती खूण धरा.

तपासणी आणि प्रमाणपत्र

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, म्हणजे साधारण तिसरीपासून. त्याआधी मदत सुरू करता येते, शिक्का मिळत नाही. त्याच सूचनांत १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली आहे, आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं धरलं जातं. इथेच बहुतेक घरं फसतात. नवव्या वर्षी कागद मिळाला म्हणून निर्धास्त राहतात आणि मूल चौदाचं होतं तेव्हा ते आठवी-नववीत असतं. फेरतपासणी राहून जाते आणि दहावीचा अर्ज भरताना जुना कागद चालत नाही. मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

अर्ज दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर करायचा. मुलाचं आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. सेतू केंद्रात भरून घेत असाल तर नावाचं स्पेलिंग आधार आणि शाळेच्या दाखल्याशी जुळतंय का ते स्वतः बघा. पोर्टलवर एक आणि शाळेत दुसरं नाव असलं की दहावीच्या बोर्डाच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. पावती छापून ठेवा.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय ही चौकशीची ठिकाणं. जाण्याआधी दिव्यांग कक्षात नेमका एक प्रश्न विचारा: ‘अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या करणारे मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात?’ नुसतं ‘दिव्यांग बोर्ड कधी असतं’ विचारलं तर हाडांच्या आणि डोळ्यांच्या बोर्डाचा वार सांगतात, आणि माणमधून किंवा शिराळ्याहून केलेली एसटीची खेप वाया जाते. चाचण्या तिथे होत नसतील तर कुठे पाठवतात ते लेखी रेफर करून घ्या.

एका खेपेत काम होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी बालरोगतज्ज्ञ बघतात. मग बुद्धिमापन होतं. आपल्याकडे बिने-कामत चाचणी पुष्कळ ठिकाणी वापरतात. बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तर निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन अक्षमतेची चाचणी घेतात. बुद्ध्यंक त्याखाली आला तर निदान वेगळं होतं आणि मदतीची वाटही वेगळी असते. चाचणीच्या दिवशी मुलाला पोटभर खायला घाला, चष्मा विसरू नका. आदल्या रात्री ‘चांगलं वाच बरं का’ म्हणून उजळणी घेणं हा उलटा उद्योग आहे, त्यानं खरी अडचण झाकली जाते. शाळेचं माध्यम आणि घरची भाषा तज्ज्ञांना आपणहून सांगा. मराठी माध्यमातल्या मुलाची चाचणी इंग्रजी उताऱ्यांवर होत असेल तर नम्रपणे विचारा. मराठीत साधनं आहेत: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

अहवाल आणि प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. अहवालात चाचण्यांची नावं, तारीख, बुद्ध्यंक, कोणत्या क्षेत्रात किती मागे आणि शिफारशी असायला हव्यात. खासगी तज्ज्ञाचा अहवाल घरी-शाळेत शिकवण्याची दिशा ठरवायला चांगला, दहावीच्या बोर्डासाठी मात्र सरकारी प्रमाणपत्रच लागतं. खासगीकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून परत फिरा.

शाळेला अर्ज

मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तोंडी बोलणं बदली झाली की संपतं. अर्जात तीन मागण्या असाव्यात: यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत मुलाची दिव्यांग म्हणून नोंद, तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची भेट, आणि वर्गात व घटक चाचणीत सवलती. शाळा खासगी आहे, विनाअनुदानित आहे, म्हणून हे लागू नाही असं कुणी म्हणालं तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ दाखवा. ते अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा दोन्ही संस्थांना लागू आहे.

वर्गशिक्षकांकडे मात्र कायदा घेऊन जाऊ नका. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना जमतील अशाच गोष्टी मागा. अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नये. वाचायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी सांगावा. फळ्यावरचं उतरवायला वेळ कमी पडला तर शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो घेऊ द्यावा. एकाच प्रकारची दहा गणितं असतील तर चार द्यावीत. इतिहास, विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. चाचणीतले प्रश्न कुणीतरी वाचून दाखवावेत. यांतल्या दोन जरी पहिल्या सत्रात सुरू झाल्या तरी पुष्कळ झालं, बाकीच्या दिवाळीनंतर मागा. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि गरज पडली तर पुनर्परीक्षा असते, म्हणून या दोन इयत्तांच्या आधी सवलती कागदावर आलेल्या बऱ्या.

घरचा रोजचा सराव

रोज पंचवीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस. रविवारी अडीच तास बसवण्याचा काही उपयोग नाही. दिवसभर शाळा, मग क्लास, मग पुन्हा घरी तेच, असं झालं तर आधी क्लास बंद करा. क्लासमध्ये शाळेचाच वेग पुन्हा चालवतात, आणि मुलाची अडचण त्या वेगाशीच असते.

पहिली पाच मिनिटं फक्त आवाज, पुस्तक बंद. ‘पाटी’ म्हणा, टाळी वाजवत तोडायला सांगा: पा, टी. ‘कमळमधला क काढला तर काय राहतं?’ ‘बस आणि बदक यांत सारखं काय?’

पुढची पाच मिनिटं अक्षरं. ताटात रवा पसरा, बोटानं अक्षर काढताना आवाज मोठ्यानं म्हणायचा. घ आणि ध एकाच आठवड्यात कधीही शिकवू नका. घ पक्का होऊ द्या, मध्ये दोन-तीन आठवडे दुसरी अक्षरं घ्या, मग ध आणा. सारखी दिसणारी अक्षरं शेजारी मांडून ‘फरक बघ, फरक बघ’ करण्यानं गोंधळ वाढतो.

नंतरची आठ मिनिटं शब्द, आणि इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी काना-मात्रा नसलेले: घर, नळ, बदक, कमळ. मग काना. मग दीर्घ वेलांटी, कारण ती अक्षरानंतर येते आणि आवाजही नंतरच. ऱ्हस्व वेलांटी त्यानंतर, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, हीच या मुलांची घसरण. उकार, मात्रा, अनुस्वार, मग जोडाक्षरं. जोडाक्षर तोडून दाखवा: पुस्तक म्हणजे पु, स्, त, क. ‘र’ ची रूपं सर्वांत शेवटी आणि एका आठवड्यात एकच: सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्या. मूल एखाद्या पायरीवर दहापैकी नऊ शब्द सलग तीन दिवस बरोबर वाचत नाही, तोवर पुढची पायरी घेऊ नका. तिसरीतलं मूल ‘घर, नळ’ वर असेल तर लाज वाटून घेऊ नका, पण शेजारपाजारच्यांसमोर तो सराव घेऊही नका.

बाराखडीचं पाठांतर यात मोजू नका. क, का, कि, की सुरात म्हणणारं मूल मधल्याच ‘के’ वर बोट ठेवलं की गप्प होतं. चाल पाठ झालेली असते, अक्षर ओळखलेलं नसतं. विचारायचं तर उलटसुलट विचारा.

शेवटची सात मिनिटं वाचन. पन्नास-साठ शब्दांचा एकच उतारा चार दिवस, रोज तीनदा. अडला की पाच सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका. दर शब्दाला ‘आठव, कालच वाचलास ना’ केलं की वाचनाचा धागा तुटतो. तिसऱ्या दिवशी उतारा पाठ झालाय की काय हे बघायला शेवटच्या ओळीतले शब्द उलट्या क्रमानं विचारा.

ही पंचवीस मिनिटं संपली की विज्ञान, इतिहास, भूगोल मुलानं वाचून शिकायची सक्ती करू नका. वाचन सुधारायला दोन-तीन वर्षं लागू शकतात आणि तेवढी वर्षं ज्ञान थांबवून ठेवता येत नाही. पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत आहेत, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात. सर्वांत सोपं म्हणजे ताई, दादा किंवा आजोबांनी धडा मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, सात-आठ मिनिटांचे तुकडे करून. मुलानं पुस्तकावर बोट फिरवत ऐकायचं.

गणितासाठी चौकटीची वही, एका चौकटीत एक अंक. काड्यापेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधा आणि ३८ म्हणजे तीन जुडगे, आठ सुट्या, हे हातानं करू द्या. पाढ्यांत २, ५ आणि १० पक्के करा, बाकीचे त्यांतून तयार होतात: सात आठे विचारलं तर पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा, छप्पन. तीस पर्यंतचे पाढे नेटानं पाठ करून घेणं आणि दुसऱ्या दिवशी ते पुसले गेले म्हणून रागावणं, यात कुणाचंच काही साधत नाही. शाब्दिक उदाहरण तुम्ही वाचून द्या. वाचता आलं नाही म्हणून गणित चुकलं, तर तो गणिताचा गुण नव्हेच.

चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणं, मेंदूचं टॉनिक, रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांना पट्टी बांधून ‘मेंदू जागवणारे’ वर्ग: यांवर पैसे आणि संध्याकाळचा वेळ घालवू नका.

आठवीपासून बोर्डाची तयारी

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत तिथे जातो, पालकानं परस्पर पाठवून चालत नाही. नववीच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांकडून चालू परिपत्रकाची प्रत मागा आणि प्रस्ताव दहावीच्या पहिल्या सत्रातच पाठवायला लावा. मंजुरीचं पत्र येईपर्यंत शाळेत महिन्यातून एकदा फेरी मारा.

जादा वेळ तासाला वीस मिनिटं असतो. तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या बीजगणित किंवा भूमितीच्या पेपरला चाळीस मिनिटं. लेखनिक मिळतो, पण तो खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे दहावीच्या मुलाला नववीचा. एक लेखनिक आणि एक राखीव, दोघांची नावं ठरवून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांजिण्या कुणालाही होतात.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. सांगून लिहून घेणं ही वेगळी सवय आहे. नववीत आणि पूर्वपरीक्षेत मिळून निदान सहा-सात पूर्ण पेपर असे सोडवा. मुलानं प्रश्न क्रमांक सांगायचा, ‘नवा परिच्छेद’ म्हणायचं, ओळ संपली की ‘वाचून दाखव’ म्हणायचं. आकृती, नकाशा, आलेख कोण काढणार हे मंजुरीपत्रातून आधीच स्पष्ट करून घ्या. सराव नसलेलं मूल बोलतं भरभर, लेखनिक मागे पडतो आणि जादा मिळालेला वेळ पहिल्या दोन प्रश्नांतच संपतो.

भाषा आणि गणितात पर्यायी विषय घेण्याच्या सवलतीही आहेत. त्या घेण्याआधी पुढचं शिक्षण ठरवा. दहावीला नेहमीचं गणित नसेल तर अकरावी विज्ञान आणि पॉलिटेक्निकची दारं अडू शकतात, तिथे जायचंच नसेल तर मुलाचा भार हलका होतो. हा निर्णय शाळेनं परस्पर घेऊ नये आणि पालकानंही मुलाला न विचारता घेऊ नये. शाळेत काही केल्या जमत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी हा खुला रस्ता आहे. पाच विषय निवडता येतात, गणित सक्तीचं नाही, आणि नोंदणीपासून पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं पास होता येतं.

परीक्षेच्या दिवशी मंजुरीपत्राची झेरॉक्स, प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि लेखनिकाचं ओळखपत्र घेऊन पाऊण तास आधी केंद्रावर पोचा. केंद्रसंचालकांना पेपर सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच भेटून वेगळी खोली आणि पर्यवेक्षक ठरलेत का ते विचारा. सकाळी साडेदहाला ही शोधाशोध सुरू झाली तर सर्वांत जास्त घाबरतं ते मूल.

दहावीनंतर मूळ प्रमाणपत्र कॉलेजात जमा करू नका, दाखवून परत घ्या आणि सत्यप्रत द्या. अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंदलेली असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात, आणि त्यासाठी मूल अठराचं झालं असेल तर फेरतपासणी बारावीच्या निकालाआधी उरकून ठेवा.